सहा दिवसांचा व्हर्लिन

व्हर्लिन स्टॅम्पर बोअर मारायचा. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात चाळीस वर्षं. तीनशे फुटांखालून समुद्री शिंपले वर आले, की यंत्र बंद करून गिऱ्हाइकाला गाठायचा.

"बघा, नोहाचा पूर! नाहीतर डोंगराच्या पोटात शिंपले काय चालत आले?"

गिऱ्हाईक बिचारं पाण्याच्या आशेनं ताटकळत उभं.

बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय तसं देवानं जग सहा दिवसांत केलं, दिवस चोवीस तासांचा, आणि त्यात मिनिटाचीही सवलत नाही. आदाम, कुमारीच्या पोटी जन्म, पुनरुत्थान, नरकाची आग, सगळं जसंच्या तसं. भांडायला कुणी नसलं तर टीव्हीशी भांडायचा. बायको ओलेटा म्हणायची, "देवाचं सहा दिवसांत उरकलं, तुझं अजून चालूच!"

त्यांची एकुलती एक मुलगी डार्ला शाळेत विज्ञान शिकवायची. येशूवर तिचीही श्रद्धा होती. फक्त ते सहा दिवस युगांएवढे लांबलचक असतील, असं ती ईस्टरच्या जेवणात बोलली. व्हर्लिननं काटा आपटला.

"मग येशू थडग्यात तीन दिवस होता, की तीन कोटी वर्षं?"

पोरगी भरल्या ताटावरून उठली ती पुन्हा घरी आली नाही. आणि हा शहाणा गावभर सांगत सुटला, की कसं तिला गप्प केलं! डोंबलाचं गप्प केलं.

पुढं एका बुधवारी चर्चच्या मंडळीची बैठक भरली. चर्चचे नवे पाळक ब्रदर एल्डन यांनी मंडळीच्या श्रद्धापत्रकातले 'चोवीस तास' हे शब्द काढायची सूचना मांडली. व्हर्लिन पाऊण तास बोलला. शेवटी लोकांनी भुकेपोटी का होईना, त्याच्या बाजूनं हात वर केले. एकतीस विरुद्ध चार.

तो मिशीत हसत बसतोय तोच चिटणीस हेझलबाईंनी पुढचा कागद वाचला. डार्ला स्टॅम्परला शहरातल्या दुसऱ्या बाप्टिस्ट मंडळीत जायचं होतं, त्यासाठी शाळेच्या दाखल्यासारखं इथलं पत्र हवं होतं, आणि ते मंडळीनं हात वर करूनच द्यायचं. डार्ला स्वतः शेवटच्या बाकावर येऊन बसली होती.

"कुणी सूचना मांडतं का?" एल्डननं विचारलं.

कोण मांडणार? सगळ्यांनी व्हर्लिनकडं पाहिलं. शेजारचा ऑर्व्हिल कानात कुजबुजला, "गप्प बस. पत्र अडलं की येईल झक मारत परत."

व्हर्लिनला ते पटलंही. त्यानं वळून लेकीकडं पाहिलं. ती हनुवटी वर करून बसली होती, पण डोळे भरले होते. बाप आपल्याला इथंही अडवणार, हे ती धरूनच आली होती.

तो उठला.

"मी मांडतो," तो म्हणाला. "पोरीला पत्र द्या."

ओलेटानं ताबडतोब अनुमोदन दिलं. भराभरा हात वर झाले. व्हर्लिन उभाच.

"तिथं रविवारी किती वाजता असतं गं?"

"साडेदहाला," डार्ला म्हणाली. "का? तिथं येऊन भांडणार, डॅडी?"

"तुझ्या शेजारी बसेन. भांडण नंतर, जेवताना."

"आणि तुमचा रविवारचा बायबलचा वर्ग?"

तीस वर्षांत त्यानं तो एकदाही चुकवला नव्हता, तापातसुद्धा. त्यानं नुकत्याच मतांत हरवलेल्या पाळकाकडं पाहिलं.

"एल्डन, या रविवारी वर्ग तू घे," तो म्हणाला. "उत्पत्तीचा पहिला अध्याय चालू आहे."