शेपूट येईपर्यंत

माणसं पायी चालत असली किंवा बसमध्ये असली, की बेरिल गारबटचं त्यांच्याशी बरं जमायचं. तीच माणसं सायकलवर बसली की तिचं डोकं फिरायचं. आणि देवाची करणी अशी, की दर रविवारी यॉर्कशरच्या उत्तरेकडच्या माळांवर क्लबच्या दहा-पंधरा जणांना सायकलवरून फिरवून आणायचं काम तिच्याच गळ्यात पडलेलं. संध्याकाळी घरी आली की ती बूट भिरकावून म्हणायची, "हे शेवटचं. आता दुसऱ्या कुणीतरी बघा." दुसरं कोण बघणार, कपाळ! पुढच्या रविवारी सकाळी परत हीच सगळ्यांच्या पुढे.

आठवडाभर ती शाळेच्या भटारखान्यात शेकड्यांनी पोरांची जेवणं रांधायची. रात्री भांडी आवरली की टेबलावर नकाशा पसरायचा, रस्त्याच्या वळणांवर दोरा ठेवत अंतर मोजायचं. चढ कुठे, फाटकं किती, चहा कुठे मिळेल, कुठल्या गावातला शेतकरी मुद्दाम कुत्रं सोडतो, सगळं हिच्या डोक्यात. आणि एवढं करून रविवारी ऐकायला काय मिळायचं? "बेरिल, आज चढ जरा जास्तच झाले हं." माळावर जायचं आणि चढ नको! मग घरी खाटेवर बसून पेडल मारा ना, असं ती तोंडावर म्हणायची. लोक हसायचे. तिला हसू येत नसे.

पण सगळ्यांत मोठी कटकट तिच्या घरातच होती. विल्फ, तिचा नवरा. पोलादाच्या कारखान्यात फिटर. क्लबात तो शेपूट होता, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायचं, कुणाला मागे राहू द्यायचं नाही, हे त्याचं काम. ती पुढे, हा मागे. लग्न झाल्यापासूनचे सगळे रविवार दोघांनी एकमेकांपासून दोन मैलांवर काढलेले. चहाच्या जागी बेरिल पोचून किटली रिकामी झाली तरी विल्फचा पत्ता नसायचा. कुणाची साखळी बसवून देत असेल, कुणी उघडं टाकलेलं फाटक लावत असेल, नाहीतर कुंपणाला टेकून एखाद्या शेतकऱ्याशी मेंढ्यांच्या खुरांवर बोलत असेल. शेवटी यायचा, थंड चहा प्यायचा आणि म्हणायचा, "छान होता रस्ता." बस्स. त्या तीन शब्दांपलीकडे तोंड उघडेल तर शपथ.

क्लबचा एक नियम मात्र बेरिलने स्वतः घालून दिलेला आणि तो मोडलेला तिला खपायचा नाही. जिथे रस्त्याला फाटा फुटतो तिथे एकाला उभं करायचं. मागून येणाऱ्यांना त्याने वाट दाखवायची आणि शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेपूट आलं की कोपरा सुटला, मग त्याने निघायचं. तेव्हा खिशात फोन नव्हते, माळावर हेदरच्या झुडपांशिवाय विचारायला कुणी नसायचं. या एका नियमावर अख्खा क्लब चालायचा.

जानेवारीत विल्फच्या छातीत कळ आली. दोन आठवडे दवाखान्यात, मग घरी खुर्चीत. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवायची तर सपाटीवर, चढ आला की उतरून ढकलायची, धावपळ नको, गारठा तर अजिबात नको. विल्फ रोज सकाळी शेडमध्ये जाऊन सायकल पुसून यायचा. पुसपुसून तिचा रंग जायची वेळ आली. बेरिलला ते बघवेना आणि बोलवेनाही. मे महिन्यात एक दिवस तीच कडाडली, "चल बाबा एकदाचा! पण मी सांगेन तसं करायचं. आणि शेपटाचं काम तुझं नाही आता."

"बरं," विल्फ म्हणाला.

त्या एका रविवारसाठी तिने पंधरा दिवस नकाशा चिवडला. याला धडधाकट नेऊन धडधाकट घरी आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात. चढ एकच, तोही लांबलचक आणि मंद, सगळ्यांनी ढकलतच जायचं असं तिने जाहीर करून टाकलं, म्हणजे विल्फला वाईट वाटायला नको. वर माळावर पोचलं की जुन्या दगडी क्रॉसपाशी फाटा, आणि तिथून डाउसनबाईंच्या शेतावरच्या चहापर्यंत जवळजवळ उतारच. त्या फाट्यावर विल्फला उभं करायचं ठरलं. उभं राहण्यात कसले आलेत कष्ट? तेवढाच दम खाईल.

शेपूट म्हणून रॉडनीला नेमलं. रॉडनी क्लबात नवा, पडदे विकायच्या दुकानात मॅनेजर, सायकल कोरी, नकाशाला प्लास्टिकचं कव्हर. "काळजीच करू नका, मिसेस गारबट," असं तो दर दहा मिनिटांनी म्हणायचा. असं म्हणणाऱ्या माणसाची बेरिलला फार काळजी वाटायची.

तरी सगळं नीट झालं. चढ संपला, क्रॉसपाशी विल्फ सायकल टेकवून उभा राहिला. गालांवर जरा रंगही आला होता. "स्वेटरची बटणं लाव," बेरिल म्हणाली आणि बाकीच्यांना घेऊन उतरली.

डाउसनबाईंच्या परसात बाकं मांडलेली. स्कोन नावाचे छोटे गोड पाव आले, जॅम आला, चहा दोनदा झाला. आणि मग खालच्या फाटकातून, दरीच्या बाजूने, शीळ घालत रॉडनी आत आला. त्याच्यामागे रेंगाळणाऱ्या दोन बायका. बेरिलच्या हातातला कप तसाच राहिला.

"तू खालून कसा आलास?"

"नकाशात दिसला ना रस्ता!" रॉडनी खुशीत होता. "ह्या दोघी दमल्या होत्या. म्हटलं, वर चढून परत खालीच यायचंय, तर दरीतूनच जाऊ. अर्धा तास वाचला, मिसेस गारबट."

"आणि विल्फ?"

"विल्फचं काय? तो तुमच्याबरोबर पुढे आला ना?"

"अरे शहाण्या, तो कोपऱ्यावर उभा आहे! तुझी वाट बघत!"

रॉडनी नकाशा चाचपायला लागला. "पण... इतक्या वेळात कुणीही समजून जाईल की. निघाला असेल तो."

कुणीही समजून गेलं असतं, विल्फ नाही. लग्नाआधी, दुसराच कुणी शेपूट असायचा तेव्हा, एकदा त्याची साखळी तुटली आणि हा बर्फात चार तास उभा राहिलेला. क्लबच्या जेवणात दरवर्षी तो किस्सा निघायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. बेरिलने माळाकडे पाहिलं. समुद्राकडून धुकं चढलं होतं. वरची कड दिसतच नव्हती.

बाईंचा नवरा डाउसन लँडरोव्हर घेऊन मेंढ्यांकडे गेलेला. डाउसनबाई त्याला शोधायला पळाल्या. "मी जातो," रॉडनी पुटपुटला. "तू बस!" बेरिल ओरडली. "नाहीतर तुला शोधायला आणखी एक जायला लागेल." आणि आपली लाल टोपी डोक्यावर ओढून ती निघाली.

ज्या उताराचं सकाळी तिला कौतुक होतं, तोच आता नाकासमोर चढ होऊन उभा. अर्ध्यात पाय थकले तेव्हा ती उतरून ढकलायला लागली, आणि ढकलता ढकलता तोंडाचा पट्टा सुरू. रॉडनीला शिव्या झाल्या, त्याच्या नकाशाला झाल्या, डॉक्टरांना झाल्या. मग विल्फची पाळी. काय माणूस आहे! पन्नाशी उलटून गेली तरी अक्कल म्हणून नाही. छातीत जीव नाही आणि चालले नियम पाळायला. कुणी सांगितलंय एवढं पाळायला? तिथे तिची जीभ अडली. सांगितलं तिनेच होतं. नियम तिचा आणि त्याला फाट्यावर उभं करणारीही तीच.

धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसेना. "विल्फ!" ती ओरडली. नुसती एक मेंढी बें बें करत ओरडली. "विल्फ!"

"इकडे," आवाज आला. "कोपऱ्यावर."

क्रॉसच्या आडोशाला तो बसला होता. ओठ निळसर, हात काखेत घातलेले. जिभेखाली गोळी ठेवून झाली होती, गोळ्यांची बाटली शेजारी पडलेली. तिने आपला कोट काढून त्याच्या अंगावर टाकला आणि त्याचे हात चोळायला लागली. इतक्या जोरात, की तो म्हणाला, "अगं, मोडशील."

"मोडते नाहीतर काय करते! इथे बसून काय करत होतास?"

"शेपूट आलं नाही अजून."

"शेपूट खाली जॅम खातंय! दरीतून गेला तो बावळट!"

विल्फने जरा विचार केला. "सांगायचं ना मग कुणीतरी."

"आले ना सांगायला! तुला पायांनी चालून यायला काय झालं होतं? जीव गेला असता इथे. कुणासाठी?"

"त्या दोघी मागे होत्या गं," तो म्हणाला. "मी निघालो असतो आणि धुक्यातून त्या आल्या असत्या, तर कुठे वळल्या असत्या?"

बेरिलने हात टेकले. डाउसन येईपर्यंत थांबावं, तर गारठा वाढत होता. हळूहळू खाली सरकलेलं बरं. तिने त्याला उभं केलं, हाताला सायकल दिली. सवयीने तो बाजूला झाला, तिला पुढे जाऊ द्यायला.

"नाही," ती म्हणाली. "तू पुढे. मी मागून येते. पडलास तर दिसायला तरी हवं."

त्याला ते पटलं नाही, पण तो गेला. बेरिल पहिल्यांदाच विल्फच्या मागून चालत होती. त्याची पाठ इतकी अरुंद कधी झाली, तिला कळलंच नव्हतं. दोघं सायकली ढकलतच चालले. उतारात मध्ये एक लहानसा उंचवटा होता. विल्फ त्यावर चढला आणि एकदम थांबला. एक हात कपाळावर आडवा धरून समोरच्या धुक्यात बघत राहिला.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही गं. तू दिसतेस का बघत होतो."

"काय?"

"तुझी लाल टोपी. उंचवटा आला की बघतो मी. पुढच्या टेकाडावर टोपी दिसली म्हणजे तू नीट आहेस. मग बाकीच्यांना घेऊन निघायचं." तो जरा ओशाळला. "कधी कधी दिसायला वेळ लागतो. म्हणून उशीर होतो."

इतक्या वर्षांचा तो थंड चहा. आणि तिने त्याला काय काय बोलून घेतलेलं. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप आला.

"मी मागे आहे, मूर्खा!" ती ओरडली. "इथे! तुझ्या मागे!"

विल्फने वळून पाहिलं. टोपी पाहिली, तिचा चेहरा पाहिला. "हो की," तो म्हणाला. "मग आता पुढे बघून काय करू?"

"रस्ता बघ," बेरिल नाक पुसत खेकसली. "आणि ब्रेक धरून ठेव. हळू चल. मला घाई नाही."