पानावर तळहात

भिवंडीत लोडशेडिंगला लूम थांबले की आमच्या कारखान्यात पत्ते निघायचे. लूमच्या खडखडाटानं निम्म्यांचे कान गेलेले, म्हणून लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरनं नियमच केला होता : "वरडायचं न्हाय. कुनी चुकला तर पुढचं पान पडायच्या आत त्याच्या पानावर तळहात ठेवायचा. मागनं तक्रार न्हाय."

एकदा मेंढीकोटात त्यानं बदामावर हुकूम मारला. मी त्याचा भिडू, खूश झालो. कुणाचाच हात पुढे आला नाही. पुढचं पान पडणार, एवढ्यात त्यानं स्वतःच्याच पानावर तळहात ठेवला आणि राजामागं चिकटलेली बदाम दुर्री काढून दाखवली. "ही व्हती माझ्याकडं. बदाम असताना हुकूम चालत न्हाय."

डाव हरलो. दुसऱ्या दिवशी भिडू निवडताना सगळ्यांनी त्याच्याकडं बोट केलं. मी कधीचाच त्याच्यासमोर, भिडूच्या जागी, मांडी ठोकून बसलो होतो.