बेचाळीस डॉक्टरांचा वर्ग

ललिता सातवीपर्यंत शिकलेली, तीही गोंदियाकडच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत. लग्न होऊन हिंदी मुलखातल्या बालाघाटला आली, शिलाई मशीन टाकली, आणि चाळिशी उलटल्यावर तिला इंग्रजीचं खूळ लागलं. खूळ हा शब्द शेजारच्या मंजूचा. मंजू स्वतः तीस दिवसांत फर्राटेदार, म्हणजे फाडफाड, इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला जाऊन आली होती आणि तेव्हापासून दूधवाल्याला रोज 'हाऊ आर यू' विचारत होती. तो बिचारा दर वेळी शपथेवर सांगायचा, "पानी नहीं मिलाया, भाभी."

ललिता मात्र महागू गुरुजींकडे गेली. गुरुजी निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले. त्यांच्याकडे एक मळकं वाचनपुस्तक आणि दोऱ्यानं शिवलेला जाडा शब्दकोश. धडा दहा वेळा मोठ्यानं वाचायचा, अडलेला शब्द शोधायचा, मग त्या शब्दावर पाच वाक्यं करायची, तीही आपल्या घरादाराची, खरी.

"बोलायचं काहून शिकवत नाही, गुरुजी?"

"आधी वाच. बोलायच्या बाबतीत तू काही मागं नाहीस."

सकाळी देवापुढे दिवा लावला की ती तिथंच बसून धडा वाचायची. असं दीड वर्ष चाललं. एवढ्या दिवसांत देवालाही थोडंफार इंग्रजी यायला लागलं असेल.

मग एक दिवस तिनं पाचवीतल्या लेकीची, मयुरीची वही उघडली. पोरगी इंग्रजी शाळेत. आजवर ललिता वहीतल्या लाल खुणा तेवढ्या पाहायची. या वेळी वाचलं. निबंध वडिलांवर होता. 'माय फादर इज अ डॉक्टर. ही गोज टू हॉस्पिटल इन हिज कार.' खाली राकेश सरांचं 'व्हेरी गुड'.

मयुरीचा बाप रवी लालबर्र्याच्या राइस मिलमध्ये हमाल.

"मयुरे, तुहा बाप डॉक्टर हाय?"

"सरनं फळ्यावर लिहून देल्लं ना. सबके पापा डॉक्टरच हायत."

वर्गात बेचाळीस पोरं, म्हणजे बेचाळीस डॉक्टर. एवढे डॉक्टर घरचे असताना बालाघाटची माणसं इलाजाला नागपूरला कशाला धावतात, ते देवच जाणे.

ललितानं हसून सोडूनही दिलं असतं. पण शाळेच्या वार्षिक उत्सवात इंग्रजी भाषणाला पाच मुली निवडल्या होत्या, त्यात मयुरी होती, आणि भाषण हेच होतं. रवी सुट्टी घेऊन समोर बसणार होता. पोरीनं त्याच्या तोंडावर दुसराच बाप सांगायचा आणि त्यानं टाळ्या पिटायच्या, हे ललिताच्या जिवाला लागलं. ती शाळेत गेली.

"देखो बहनजी," राकेश सर म्हणाले, "गाइड का निबंध है. बदलोगे तो नंबर नहीं मिलेगा."

"पण सर, हे खोटं हाय."

"खोटं कहाँ? इंग्लिश तो सही है!"

घरी येऊन तिनं गाइड पेटीत टाकलं आणि गुरुजींची रीत पोरीला लावली. बाबा किती वाजता उठतात? कुठं जातात? काय उचलतात? मयुरीनं कुरकुरत चार दिवसांत सात वाक्यं लिहिली. बापाच्या केसात बसणाऱ्या एकट्या भाताच्या कोंड्याला इंग्रजीत काय म्हणतात हे शोधण्यात अर्धा तास गेला. गुरुजींनी दोन चुका काढल्या आणि वही परत दिली. 'व्हेरी गुड' काही लिहिलं नाही.

उत्सवाच्या दिवशी पहिल्या मुलीचा बाप डॉक्टर निघाला. दुसरीचा, तिसरीचा, चौथीचाही. कारसुद्धा तीच. पाहुण्यांपैकी एकानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "ये सब सगी बहनें हैं क्या?"

मग मयुरी उभी राहिली. 'माय फादर लिफ्ट्स राइस बॅग्ज इन लालबर्रा.' राकेश सरांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पाच वाक्यं झाली आणि सहावं अडलं. फळ्यावरून पाठ केलेलं असतं तर पोरगी तिथंच रडली असती. तिनं समोर पाहिलं, बोट दाखवलं आणि म्हणाली, 'ही इज सिटिंग देअर. ब्लू शर्ट.'

सगळ्या माना वळल्या. निळ्या शर्टातला रवी गोंधळला, उठला आणि सगळ्यांना हात जोडून परत बसला.

पहिला नंबर डॉक्टरच्या पोरीला मिळाला. चौघींपैकी कुणाला, ते परीक्षकांनाही दोनदा विचारावं लागलं. मयुरीच्या कागदावर राकेश सरांनी शेरा मारला, 'पाठांतर कच्चं'.

घरी येताना रवीनं विचारलं, "लोक माह्याकडं काहून पाहून राह्यले होते? काय म्हणली हे?"

ललितानं एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत चालला.

"केसातला कोंडाबी सांगतला?"

"हौ."

"अन् समदं बराबर सांगतलं?"

"एकूण एक."

"मंग नंबर काहून नाही भेटला?"

"तुम्ही डॉक्टर नाही म्हणून."