चार बोटांवरचा रस्ता

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सिल्वासाला टोकरखाड्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे, मुलांना टायपिंगला बसवून स्वतः गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होतो. मालकांनी हौसेनं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आणलं होतं. ते टेबलाला आवळायचं, पायाशी दोन पेडल. समोरचा रस्ता किती रुंद दिसावा हे त्या गेममध्ये आपल्याला ठरवता यायचं. मी ते पार शेवटापर्यंत ताणायचो आणि वर खुर्ची मागे सरकवून ऐटीत रेलून बसायचो. असं केलं की कडेची झाडं सपासप मागे पळतात, साठचा वेग दोनशेचा वाटतो. वळण मात्र लांब कुठेतरी बारीक दिसतं आणि एकदम अंगावर येतं. प्रत्येक फेरीत मी भिंतीवर आपटायचो. तरी क्लासमधला रेकॉर्ड माझाच होता, कारण स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे.

त्याच सुमारास आप्पा, म्हणजे माझे वडील, धुळ्याहून माझ्याकडे राहायला आले. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. आता एका डोळ्याचा पडदा गेला होता, दुसऱ्याचा निम्मा, आणि यापुढे काही सुधारणार नाही असं वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पांच्या मते तो डॉक्टर फारच पोरगेलासा होता. खडोलीच्या एका कारखान्याला कामगारांच्या बससाठी ड्रायव्हर हवा होता आणि आप्पांना ती नोकरी हवी होती. त्यासाठी लायसन नवं करायचं, तर डोळ्यांचं सर्टिफिकेट लागणार.

"तुझ्या वळखीचा डॉक्टर असंल ना कोनी? न तपासता सही करी देईल असा?" ते रोज सकाळी चहाला विचारायचे. मी रोज "बघतो" म्हणायचो.

ट्रक चालवून ज्यांनी मला शिकवलं, त्यांना "तुम्हाला दिसत नाही" असं तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. आणि सर्टिफिकेट आणून द्यावं, तर बसमधली चाळीस माणसं डोळ्यांसमोर यायची. मग मी अक्कल लढवली. रविवारी क्लास बंद असताना आप्पांना गेमवर बसवायचं आणि चांगलं सडकून हरवायचं. हरले की आपोआप समजतील. आपण इतके हुशार कसे निपजलो, याचं मला तो आठवडाभर फार कौतुक वाटत होतं.

रविवारी आधी मी चालवून दाखवलं. दोनदा आपटलो, पण थाटात.

"झाडंच पाही राहिला तू. रोड कवा पाहशील?" आप्पा म्हणाले.

मग ते बसले. "हे एवढं फाकलेलं नको. ट्रकच्या काचेतून दिसतं तेवढंच ठेव," म्हणाले. मी रुंदी कमी केली. त्यांनी मॉनिटर ओढून स्टिअरिंगला भिडवला आणि नाक काचेपासून चार बोटांवर नेलं. मी मागे उभा राहून मनात हसत होतो. गाडी तर मला स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीसारखी वाटत होती. पण प्रत्येक वळणाआधी ते ब्रेकवर अलगद पाय ठेवत, वळण काढत आणि पुढे जात. एकदा त्यांनी सवयीनं हॉर्नही शोधला. भिंतीला गाडी एकदाही लागली नाही. फेरी संपली तेव्हा माझ्या रेकॉर्डपेक्षा अकरा सेकंद कमी लागले होते. मी खिलाडूपणे आणखी तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट.

त्याचं कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेवढ्या जवळून तो लहानसा पडदा त्यांच्या नजरेत ट्रकच्या काचेएवढा भरत होता, म्हणून वळण जितकं लांब होतं तितकंच त्यांना दिसत होतं. मला नुसता वेगाचा भास होत होता, वेग त्यांच्याकडे होता.

त्या दिवशी मात्र मी पुरता अडकलो होतो. आप्पांना गाडी येते हे मीच सिद्ध करून दिलं होतं. आता सर्टिफिकेटला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? काहीतरी बोलायला म्हणून मी त्यांना रेकॉर्डचा आकडा वाचायला सांगितला.

ते पुन्हा खुर्चीत बसले, माझ्यासारखेच मागे रेलून. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"इथून नाही दिसत," ते म्हणाले. "तोंड पार काचेला लावलं, तवा दिसलं. खडोलीचा रोड एवढा जवळ येईल का रे?"

मग ते खुर्चीतून उठले. "राहू दे ते सर्टिफिकेट."

आठवडाभर जे मला बोलवत नव्हतं, ते त्यांनीच बोलून टाकलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून जात नाही.