एका दाराला दोन कुलपं

टेम्पोत दोरीने बांधलेली ती खाट अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाही. खाटेवर अर्धांगवायू झालेले एक वृद्ध, आणि टेम्पो आमच्या पोलीस ठाण्याच्या आवारात. नातवंडांनो, तुम्ही तिकडे परदेशात बसून बंगळूरला फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा म्हणता, म्हणून हे लिहिते.

नव्वदच्या दशकात मी बंगळूरच्या बनशंकरी भागात सब-इन्स्पेक्टर होते. त्या वृद्धांची मुलगी केरळची, ख्रिस्ती, पेशाने नर्स. "मॅडम, माझी किल्ली बरोबर आहे," ती म्हणाली, "पण दाराला वरून दुसरंच कुलूप आहे."

तिने घर भोग्याला घेतलं होतं. म्हणजे मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, बिनभाड्याने राहायचं, सोडताना रक्कम परत घ्यायची. इकडे ही पद्धत जुनी. वरचं कुलूप एका निवृत्त गिरणी कामगाराच्या बायकोचं निघालं. तिनेही तेच घर त्याच माणसाकडून भोग्याला घेतलं होतं. आषाढात कोणी नव्या घरात जात नाही, म्हणून कुलूप घालून ती श्रावणाची वाट पाहत होती.

ती मला म्हणाली, "कुलूप काढणार नाही, अक्का. काढलं की आमचं सगळं गेलं!"

तिची भीती खोटी नव्हती. अशा तंट्यात ताबा सोडणारा बहुतेक हरतो. शेवटी खाट मी महिला कॉन्स्टेबलांच्या खोलीत ठेवली. जबाब लिहिताना आतून खोकला ऐकू येई आणि माझं पेन थांबे.

गुन्हा नोंदवला. नोंदणी कार्यालयात खरा मालक पुण्याचा निघाला. पैसे घेणारा त्याचा साधा भाडेकरू होता आणि आता फरार होता. घर दाखवणाऱ्या दलालाला बोलावलं.

"मेडम, देवाशपथ! स्वल्प कमिशन घेतलं, एवढंच. तो मुंबईला गेला."

दरडावलं की असे लोक रडतात, बोलत नाहीत. मी चहा मागवला. "शर्ट नवा दिसतोय."

"लग्नात मिळाला."

"कुणाच्या?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्याच्याच. गेल्या महिन्यात. इथंच जवळ आनेकलला, मुलीकडेच झालं."

आमचे हेड कॉन्स्टेबल अण्णा हसले. "मेडम, पहिला आषाढ! नवी नवरी माहेरी असणार, महिनाभर नवऱ्याने भेटायचं नाही. आणि जावई चोरून येणारच. मीसुद्धा गेलो होतो."

साध्या वेशात माणसं बसवली. तिसऱ्या दिवशी जावई मोगऱ्याचे गजरे घेऊन सासऱ्याच्या परसदारी सापडला. ठाण्यात त्याची तक्रार एकच: "राहायला तर सगळे श्रावणातच येतात. ही बाई मध्येच कशी आली?" तोवर निघून जायचा त्याचा बेत होता. नर्सला आषाढाशी काय देणंघेणं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रक्कम मात्र बरीचशी उडवलेली.

मालक पुण्याहून आले आणि त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, घर नेमकं कितव्या क्रॉस रोडला?" खरेदीनंतर ते तिथे फिरकलेच नव्हते. दरमहा भाडं येत होतं, तेवढ्यावर समाधान. आता घर विकायचं होतं, पण खटला असताना गिऱ्हाईक कुठून मिळणार? ते म्हणाले, "दोघींपैकी एकीला रीतसर करार करून भाड्याने राहू दे."

कुलूप आधीचं, म्हणून मी आधी त्या बाईंकडे पाहिलं. त्या खाट ठेवलेल्या आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत होत्या. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी नर्सच्या हातात ठेवली.

"आषाढामुळे आम्ही जुनं घर सोडलेलंच नाही, अक्का. हिला परत जायला घर कुठंय?" जाताना वळून तिला म्हणाल्या, "आणि नव्या घरात आधी दूध उतू घाल गं. नुसतं तापवून पिऊ नकोस!"

मुलांनो, घर घेताना कागद तपासाच. पण नंतर स्वतः येऊन बेल वाजवत जा, भाडेकरूचं तोंड पाहा, शेजाऱ्याशी बोला. तुम्ही फिरकला नाहीत तर तुमच्या जागी दुसराच मालक होऊन बसतो, आणि तुमचं घर शाबूत राहून भलत्याचंच म्हातारं माणूस रस्त्यावर येतं.

त्या कुलूपवाल्या बाईंना पुढे त्यांचे पैसे पूर्ण मिळाले का, मला माहीत नाही. माझी बदली झाली. तेव्हाच चौकशी करायला हवी होती.