लोणखेड्यातल्या खोलीची उचल

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला कधीच जमलं नाही. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी आणलं. हे वाचणारं कोणी नाही. तरी माफी मागितली की हात चालायला लागतो. वही मुलीची आहे, बारावीची. मागची पानं कोरी राहिली होती.

मुलगी बारावी पास झाली आणि लोणखेड्याच्या कॉलेजात तिला सायन्सला प्रवेश मिळाला. आमच्या पाड्यावरून मोलगीला चालत दीड तास लागतो. मोलगीहून जीप, मग घाट, मग बस. शहाद्याला पोचेपर्यंत दुपार होते. रोज जाऊन येणं होणार नव्हतं. सरकारी वसतिगृहाचा फॉर्म मोलगीच्या दुकानात भरला होता, पण यादी आज लागेल, उद्या लागेल असं चाललं होतं आणि कॉलेज तर सुरू झालं.

नवरा म्हणाला, "पोळा झाला की ऊसतोडीचा मुकादम नावं लिहायला येईल. तोवर हिची सोय झाली तर शिकू दे. नाही झाली तर मोठ्याबरोबर हिचा कोयता लिहून टाकतो."

आमच्याकडे ऊसतोडीला दोन माणसं मिळून एक कोयता धरतात. मोठा मुलगा बिनलग्नाचा, म्हणून त्याचा अर्धा कोयता, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी हातात मिळणारे पैसे, तेही अर्धेच. मुलगी बरोबर आली तर कोयता पूर्ण होणार होता. नवरा रागाने नव्हता बोलला. पाऊस पडेल की नाही हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मुलीने ऐकलं आणि भांडी घासायला उठून गेली.

पोळ्याला महिना होता. माझ्याकडे दोन उन्हाळ्यांच्या आमचूरचे तीन हजार होते. कैऱ्या सोलून, वाळवून मोलगीच्या बाजारात विकलेले. ते कमरेला बांधले आणि आम्ही दोघी निघालो.

लोणखेड्यात कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्यांत घरोघरी पाट्या आहेत. खोली भाड्याने देणे आहे, खाली नंबर. मुलगी फोन करायची. फोनवर तिचं मराठी ऐकून लोक म्हणायचे, "या ना, बघून जा." आम्ही दारात पोचलो की आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, माझ्या हातावरच्या गोंदणाकडे.

"कोणतं गाव?"

"मोलगीकडचं," मुलगी सांगायची.

"अरे, आताच गेली बघा खोली. पाच मिनिटं झाली."

एक झालं, दोन झाली, चार घरं झाली. सगळ्या खोल्या आम्ही यायच्या पाच मिनिटं आधीच जात होत्या. एका बाईने खोली दाखवली, पण न्हाणीघर मागच्या बोळात, त्याला आतून कडी नाही. म्हणाली, "पडदा लावून घ्यायचा." एकाने विचारलं, "घरात मांस-मच्छी शिजवणार नाही ना? तुम्ही लोक..." आणि पुढचं गिळलं. मुलगी म्हणाली, "नाही शिजवणार." तो म्हणाला, "विचार करून कळवतो." अजून कळवतोय.

मी सगळीकडे तिच्यामागे उभी. मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसतात. घरी मुलगी मला याहा म्हणते, आमच्या बोलीत आई. त्या दिवशी ती मला आई म्हणत होती, तेही हळू. मला ते कळत होतं.

दुपार कलताना एका घरापुढे थांबलो. ओट्यावर एक बाई लसूण सोलत होती. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल.

"कथाईन उनात?" तिने अहिराणीत विचारलं, कुठून आलात म्हणून.

मुलीने गावाचं सांगितलं. मी मनात म्हटलं, आता पाच मिनिटं म्हणेल. पण ती म्हणाली, "एवढा लांबथीन? बठा ना बहीण, पाणी लई येस."

घरामागे पत्र्याची खोली होती. तीन खाटा, दोन भरलेल्या, एक रिकामी. न्हाणीघराला कडी होती. ती मी स्वतः लावून बघितली. महिन्याचं भाडं पंधराशे, आणि दोन महिन्यांचं आधी ठेवायचं. मी पदराआड वळून कमरेचे तीन हजार सोडले आणि तिच्या हातात दिले. तिने मोजून ब्लाऊजमध्ये ठेवले.

"सोमवारथीन येवाले हरकत नही," ती म्हणाली. "पोर मन्ही पोरसारखी ऱ्हाई."

पावती मागितली नाही. किल्ली मागितली नाही. खाटेवर एखादी चादरसुद्धा टाकून आलो नाही. परत येताना जीपमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की बाजूच्या बाईशी मी आपणहून दोन वाक्यं बोलले.

हे का झालं ते लिहायला हवं, नाहीतर मी नुसती वेडी दिसेन. आमच्या पाड्यावर माणूस पैशाने कसा बांधला जातो ते मी लहानपणापासून बघितलंय. मुकादम पावसाळ्यात येतो, दोन माणसांसमोर उचल देतो. कागद नाही, सही नाही. पण ज्याने पैसे हातात घेतले तो त्या हंगामापुरता मुकादमाचा झाला. मग दुसऱ्या कोणी दुप्पट देऊ केले तरी जाता येत नाही. निघायचा दिवस कोणता हे उचल देणारा सांगतो. घेणाऱ्याने गाठोडं बांधून वाट बघायची. ट्रक आठ दिवस उशिरा आला तर आठ दिवस बघायची.

आम्ही जन्मभर घेणारेच. त्या दिवशी पहिल्यांदा मी देणारी झाले. मला वाटलं, आता ती बाई बांधली गेली. खोली आमची, आणि दिवस आम्ही ठरवायचा.

म्हणून सोमवारी आम्ही गेलो नाही. भाताची लावणी अर्धी राहिली होती आणि मुलीचे हात मला हवे होते. पत्र्याची पेटी घ्यायची होती. नवरा एकदा म्हणाला, "बाईला फोन कर." मी म्हटलं, "कशाला? पैसे घेतलेत तिने." त्यालाही ते पटलं. मुलीलाही पटलं. आमच्या घरात हे न पटणारं कोणी नव्हतं.

नऊ दिवसांनी पेटी आणि गोधडी घेऊन पोचलो. रिकाम्या खाटेवर फुलांची चादर होती, भिंतीला आरसा होता आणि एक मुलगी केस विंचरत होती.

घरमालकीण मागच्या दारातून आली. "नऊ दिन व्हई ग्यात. मी काय खोलीले कुलूप लाईसन तुमनी वाट देखत बसू? फोन कराले काय व्हयनं?"

"मावशी, आम्ही पैसे दिले होते ना," मुलगी म्हणाली.

"दिधा व्हतात. मी कोठे नही म्हणस? पण ह्या पोरना बापनी सहा महिनाना पैसा एकदम दिधा. मी ते सोडू का?"

"मग आमचे द्या."

"आते नही शेतस. पत्रा बदलाले लागी ग्यात. पुढला महिनामा लई जा. मी काय चोर शे?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून बघत होती. मी पेटीची कडी घट्ट धरून उभी राहिले. आतल्या आत मी तिला खूप काही सांगत होते, आमच्या बोलीत, भराभर.

रस्त्यावर आल्यावर मुलगी म्हणाली, "याहा, तू एक शब्द बोलली नाहीस. एक!" यावेळी ती मोठ्याने याहा म्हणाली, भर गल्लीत.

स्टँडवर पेटीवर बसलो होतो तेव्हा तिच्या वर्गातली धडगावकडची एक मुलगी भेटली. त्या तिघी एका खोलीत राहत होत्या. ती म्हणाली, चौथी खाट मावेल, मालकाला विचारते. मालक तयार झाला, पण त्यालाही आधी दोन हजार हवे होते. "पोळ्यापर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्यानंतर खाट दुसऱ्याला." तोही पोळाच म्हणाला. मला हसूही आलं आणि रडूही. मुलीला पेटीसकट तिथे ठेवलं आणि मी परत आले.

आता पैसे फक्त एकाच ठिकाणी होते, त्या बाईच्या घरी. ते आले नाहीत तर खाट जाणार होती, आणि खाट गेली की कोयता लिहिला जाणार होता. मुलीने तिला तीनदा फोन केले. आधी ती "बघस" म्हणायची, मग फोन उचलेनाशी झाली. नवरा म्हणाला, "मी जाऊन बोलतो." त्याचं बोलणं म्हणजे भांडण. मी त्याला जाऊ दिलं नाही.

एका वर्षी उचल घेऊनही आम्ही तोडीला गेलो नव्हतो. मोठा तापाने फणफणला होता. तेव्हा मुकादम आमच्या अंगणात येऊन बसला. शिवी दिली नाही, ओरडला नाही. नुसता बसला, सकाळपासून. पाड्यावरचं माणूस न् माणूस जाता-येता बघत होतं. संध्याकाळी आम्ही शेळ्या विकायला काढल्या. तो दिवस मी विसरलेली नाही. त्या बसण्यापुढे आम्हाला काही सुचलं नव्हतं.

बोलता येत नाही, पण बसता येतं, असं मला वाटलं. मी भाकरी बांधली आणि लोणखेड्याला गेले.

घरमालकीण ओट्यावर नव्हती. मी ओट्यावर बसले. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"आते काय शे?"

"बसते," मी म्हटलं.

"पैसा नही शेतस, सांगं ना मी."

मी मान हलवली आणि बसून राहिले.

"दिनभर मन्हा वट्टावर बठशी का?"

मी परत मान हलवली. समोरच्या घरातली बाई दारात आली. "कोण शे वं ती?" तिने विचारलं.

घरमालकिणीने एकदा माझ्याकडे बघितलं. "पाहुणी शे," ती म्हणाली.

पाहुणी म्हटल्यावर तिला चहा करावा लागला. तो मी प्यायले. दुपारी भाकरी सोडली तर तिने आतून वांग्याची भाजी आणून वाटीत घातली, रागारागाने, थोडी सांडून. मी खाल्ली. खोलीतल्या मुली कॉलेजातून आल्या, माझ्याकडे बघून आत कुजबुजल्या. दिवे लागायच्या वेळेला तिने पाचशेची एक नोट माझ्या मांडीवर टाकली.

"जाय आते."

मी रात्री मुलीच्या खोलीत दोन खाटांच्या मधे झोपले आणि सकाळी घरी परत आले. जाण्यायेण्याचं भाडं त्या पाचशेतूनच गेलं. जीपमध्ये मला इतका वैताग आला की डोळ्यांतून पाणी आलं. माझेच पैसे आणायला माझेच पैसे लागत होते. आणि मनाला दुसरंही लागत होतं. मुकादम आमच्या अंगणात बसला तेव्हा मला काय वाटलं होतं ते मला माहीत होतं, आणि तेच मी दुसऱ्या बाईला करत होते. पण खाट डोळ्यांसमोर यायची.

पोळ्याच्या चार दिवस आधी परत जाऊन बसले. यावेळी समोरची बाई मुद्दाम ओट्याशी आली.

"तुन्ही पाहुणी परत उनी का वं? लई माया शे!" आणि तोंडाला पदर लावून हसली.

घरमालकीण लाल झाली. आत गेली, डबे वाजले, आणि दीड हजार घेऊन आली. मी तिच्यासमोर दोनदा मोजले. आधीच्या पाचशेतले भाड्याला गेलेले मी कोंबड्या विकून भरून काढले होते. दोन हजार पुरे झाले. तसेच नव्या मालकाकडे नेले. यावेळी मुलीला म्हटलं, "पावती घे." तिने घेतली. किल्लीही घेतली, आणि मी खाटेवर स्वतः गोधडी पसरून आले.

मुकादम आला तेव्हा नवऱ्याने आमचा दोघांचा एक कोयता आणि मोठ्याचा अर्धा लिहिला. मुकादम म्हणाला, "पोरगी आहे ना घरात?" नवरा म्हणाला, "ती कॉलेजात आहे." मी चुलीपाशी होते, ऐकलं.

एक हजार तरी तिच्याकडे राहिलेच होते. नवरा म्हणाला, सोडून दे, भाड्यातच जातील. खरंच जात होते. पण मी सोडले नाहीत. आमच्यावर उचल बाकी राहिली की मुकादम पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरतो, सोडत नाही.

दिवाळीनंतर, ट्रक यायच्या आदल्या आठवड्यात, मी शेवटची गेले. ती ओट्यावर बसून तूर निवडत होती. मला बघून सरकली आणि जागा करून दिली. मी बसले. थोडा वेळ दोघींनी तूर निवडली.

"तुन्ही पोर भेटनी व्हती बाजारमा," ती म्हणाली. "बारीक व्हई गई. नीट जेवस का?"

"जेवते," मी म्हटलं.

ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात शंभराच्या आणि पन्नासच्या चुरगळलेल्या नोटा होत्या.

"मोजी ले. नंतर म्हणशी कमी दिधात."

मी नोटा मांडीवर सरळ केल्या आणि मोजल्या. पन्नास कमी होते. मी हात तसाच पुढे ठेवला. तिने डोक्याला हात लावला, आत जाऊन दहाच्या पाच नोटा आणल्या आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या. तीन हजार पूर्ण झाले.