लाल टोकाची गोळी

माझा स्वभाव मुळात संशयी. आई म्हणायची, "ह्याला दुधात पाणी न्हाई दिसलं तर ह्यो म्हशीवर संशय घेईल." ते खरंच होतं. त्यामुळे सत्तरच्या दशकात थोरला भाऊ पलटणीतून पेन्शनीत आला, तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला आणि मला त्याच्या काळ्या ट्रंकेचं कोडं पडलं.

आमचं गाव कोरेगावपासून बैलगाडीच्या वाटेवर. दादा पलटणीत बंदुका दुरुस्त करायचा आणि नव्या पोरांना शिकवायचा. घरी आल्यावर त्यानं परवाना काढून रायफल घेतली, कारण रानडुकरं आमचा ऊस लोळवत होती. नवी काडतुसं सहजी मिळत नसत, म्हणून तो झाडलेल्या पुंगळ्या जपून ठेवायचा आणि पडवीत बसून त्या पुन्हा भरायचा. पुंगळीच्या बुडातली ठिणगीची जुनी टोपी काढून नवी बसवायची, सोनाराकडच्यासारख्या काट्यावर दारू तोलायची, वर गोळी दाबायची. तेवढा वेळ तो कुणाशी बोलत नसे.

"हात लावू नगंस," एवढंच मला म्हणायचा.

"ह्याला सरकारची परवानगी हाय का पर?"

"हाय. कागद दावू?"

मी कागद बघितला नाही. बघितला असता तर संशय संपला असता, आणि मला तो संपवायचा नव्हता.

एकदा त्या ट्रंकेतल्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळलेली, पुंगळीत बसवलेली एक गोळी दिसली. टोक लाल. त्यानं डबा लगेच झाकला, पण विचारल्यावर सांगितलं. तिला ट्रेसर म्हणतात. गोळीच्या बुडात एक मसाला ठासलेला असतो. बंदुकीची दारू पेटली की तोही पेटतो आणि गोळी जळत जळत जाते, म्हणून झाडणाऱ्याला ती कुठं चालली ते दिसतं.

"पर दुश्मनालाबी दिसतं, ती कुठनं आली ते," दादा म्हणाला. "आनि मसाला जळंल तशी गोळी हलकी हुती, म्हणून ती साध्या गोळीच्या वाटंनं तंतोतंत जात न्हाई. ही घरात भरायची चीज न्हवं. भरायला जाईल त्यो खुळा."

"मग तुझ्याकडं कशी आली? पलटणीत तर रिकामी पुंगळीबी मोजून परत घेत्यात म्हणतोस."

माझा आवाज फौजदारासारखा लागला असणार. दादाचा चेहरा उतरला. काही न बोलता तो डबा घेऊन आत गेला. चोरी नसती तर बोलला असता, असं मी मनाशी पक्कं धरलं.

त्या उन्हाळ्यात साखर कारखान्याची ऊसतोडीची टोळी काही केल्या येईना. पाचट वाळून कुरकुरीत झालं होतं. एका दुपारी दादा रायफल घेऊन रानात गेला, दोन बार ऐकू आले, आणि घटकाभरात आमच्या उसातून धूर निघाला. गाव धावलं, तरी दीड एकर गेला. वाऱ्यानं राख उडून वाळवणावर पडत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते लाल टोक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस पाटलांकडे गेलो. ते आमच्या भावकीतलेच म्हातारे. मी सांगितलं, "आवं, त्याच्या डब्यात आगीची गोळी हाय. बगा तुमी." सख्ख्या भावाची रायफल जाईल, परवाना जाईल, पलटणीत कमावलेलं नाव मातीत जाईल, हे मला कळत होतं. तरी सांगितलं.

पाटील माझ्याबरोबर आले. दादानं डबा पुढं केला. पाटलांनी गोळी कापसातून काढली, खुळखुळवली, डोळ्याशी धरली आणि माझ्या हातात दिली. पुंगळीला आरपार भोक होतं. त्यातून मला आमच्या अंगणातली तुळस दिसली.

"ट्रेसर दावून शिकवायची नकली गोळी हाय ती," दादा म्हणाला. "आत दारू न्हाई, मसाला न्हाई. निरोपाच्या दिशी सायबांनी दिली, पोरांच्या वतीनं."

मला वाटलं, आता पाटील मला झाडतील. त्यांनी झाडलं नाही, ते दादाकडे वळले. "आता तू खरं बोल. काल सांजच्याला माझ्या दारात यिऊन म्हनलास, 'माझ्या बिडीनं ऊस प्याटला.' बिडी कवा वडायला लागलास रं?"

दादानं उभ्या आयुष्यात बिडी ओढली नव्हती.

आमच्या भागात जळका ऊस पाळी मोडून आधी तोडतात. वजन घटतं, पण टोळी लगेच येते. म्हणून टेकीला आलेला माणूस स्वतःच्याच उसाला काडी लावतो, आणि आग मुद्दाम लावली असं कारखान्याला कळलं तर सभासदाला जाब द्यावा लागतो. आमच्या घरात सभासद मी होतो.

"टोळी येत न्हाई म्हणून तू चार दिस जेवत नव्हतास," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला वाटलं, तूच लावलीस."

मला भयंकर लाज वाटली. संशय त्यालाही आला होता. तो घेऊन तो माझ्या आधी पाटलांकडे गेला आणि आळ स्वतःवर घेऊन आला. मी माझा घेऊन गेलो तो त्याला बुडवायला.

"दादा, म्या न्हाई प्याटवला," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि डबा झाकला.

ऊस कशानं पेटला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी देवाशपथ काडी लावली नव्हती. पण दादाला ते पटलं की नाही, हे त्या एका 'बरं'वरून मला आजवर ओळखता आलेलं नाही.